कुंदाचा अर्धा सिनेमा

कुंदे,

तू मला एक मुद्दा सांगणार होतीस. फोनवर सांगण्यासारखा नाही म्हणालीस, घरी ये म्हणालीस, आणि मी येईपर्यंत थांबली मात्र नाहीस. आता त्या मुद्द्याचं मी काय करू? शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबतो आणि मी मनातल्या मनात तुला उत्तर द्यायला लागते. पोरं मागे चुळबुळ करतात. घरी आले की एका जागी बसवत नाही. चहा ठेवते, तो उतू जातो, परत ठेवते. परवा ह्यांनी विचारलं, "अगो, कोणावांगडा बोलतंस?" मी म्हटलं, "कुंदावांगडा भांडतंय." ते गॅस बंद करून बाहेर गेले.

लोक सांगतात, तिच्या चांगल्या आठवणी काढ, बरं वाटेल. आपल्या चांगल्या आठवणी म्हणजे भांडणंच की गं. दोघी मावसबहिणी, जामसंड्यात एका आळीत वाढलो, एका बाकावर बसलो. मी तिथंच राहिले आणि तिथल्याच शाळेत शिकवू लागले. तू लग्न करून देवबागला गेलीस. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये पट्टीएवढी रेती, तिथे पर्यटकांना खोल्या देणारं, होडीतून फिरवणारं तुझं सासर. लहानपणी आपण बोरांवरून भांडलो, मग कोणाच्या वेण्या लांब ह्यावरून भांडलो. पन्नाशीला टेकल्यावर सिनेमावरून. तो एक मारामारीचा सिनेमा, ज्याने गावोगावची थिएटरं भरली, तो त्याच्यातल्या बायकांशी नीट वागतो की नाही, एवढाच आपला वाद होता. मी म्हणायचे, नाही वागत. तू म्हणायचीस, माझ्याशी तर वागला.

आणि तुला तसं म्हणायचा हक्क होता, कारण त्या सिनेमात तू होतीस.

तो दिवस मी बघितला नाही, पण तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की बघितल्यासारखाच आहे. शूटिंगवाले देवबागला आले होते. त्यांचा चहा आणि पोहे तुझ्या घरून जायचे. सिनेमातली नायिका कस्टमची अधिकारी, ती स्मगलरांच्या मागे होडी घेऊन लागते आणि खाडीच्या तोंडावरून समुद्रात जाते, असा प्रसंग होता. नटीला होडी येत नव्हती, त्यात तिची काही चूक नाही. म्हणून मुंबईच्या एका स्टंटवाल्या मुलाला तिचे कपडे आणि लांब केसांचा टोप घालून होडीच्या मशीनवर बसवलं. खाडीच्या तोंडाशी लाटेने होडी उचलली आणि टोप उडून पाण्यात पडला. सगळं देवबाग किनाऱ्यावर उभं राहून हसत होतं. तो मुलगाही हसत होता म्हणे. पुन्हा नेला, पुन्हा टोप गेला. मग दिग्दर्शकाने विचारलं, इथे कोणी बाई होडी चालवते का?

"आमच्याकडे बायल माणसां होडी चलवणत नाय," चार पुरुष एका सुरात म्हणाले. त्यात तुझा नवराही होता, रमाकांत भावजी. खरं तर दोन वर्षांपूर्वी त्यांचा पाय मोडला तेव्हा अख्खा मोसम पर्यटकांना घेऊन तूच फिरत होतीस, आणि ते त्या चौघांनाही ठाऊक होतं. पण परक्या माणसासमोर गावाची रीत सांगायची असते ना, ती त्यांनी सांगितली. तू हातातली किटली खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "मी चलवतंय. रोज नाय, पण चलवतंय."

"अगो, तुका खुळ लागला काय?" भावजी म्हणाले. तोवर तुला वेषभूषेच्या तंबूत नेलंही होतं.

शाळेतल्या कवायतीनंतर पहिल्यांदाच तू पँट घातलीस. अंबाडा सोडून केस मोकळे केले. पहिल्या वेळी होडी अगदी नीट गेली, इतकी नीट की दिग्दर्शकाला मजा वाटेना. दुसऱ्या वेळी तू तोंडाशी पोचलीस आणि किनाऱ्यावरून तुझ्या सासूने, आयेने, बोंब ठोकली, "गो कुंदा, पदर सांभाळ!" आये तरी काय करणार? सून एवढ्या लोकांसमोर वाऱ्यात बसलेली बघितली की तिच्या तोंडून तेच यायचं. आणि तू तरी काय करणार? अठ्ठावीस वर्षांची सवय. तुझा एक हात मशीनवरून सुटला आणि खांद्याकडे गेला, तिथे नसलेला पदर ओढायला. होडी तेवढ्यात वाट सोडून रेतीच्या उंचवट्यावर चढली, हवेत गेली आणि पलीकडे समुद्रात आपटली. तू म्हणायचीस, "माका वाटला, आता गेलंय." किनाऱ्यावर आये मटकन बसली. आणि तो दिग्दर्शक टाळ्या वाजवत नाचत होता.

तीच चूक सिनेमात ठेवली त्यांनी.

पहिल्यांदा आपण कणकवलीच्या थिएटरात गेलो. तू मालवणहून एसटीने आलीस, मी जामसंड्याहून. मला वाटलं होतं, तू लाजशील, पडद्याकडे बघणार नाहीस. तू समोसा खात बसली होतीस. इंटरव्हलच्या जरा आधी खाडी आली. पाठमोरी नायिका, मोकळे केस, गुरगुरणारी मशीन. तिचा हात खांद्याशी जातो, अगदी सावकाश, ते त्यांनी मुद्दाम हळू करून दाखवलंय, आणि त्याच क्षणी होडी उडते. थिएटर फुटायचं बाकी राहिलं. मागच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, समोर कोणीतरी टोपी उडवली. लगेच पुढच्या दृश्यात नटीचा चेहरा, पाणी उडालेला, हसरा. तू माझा हात इतका दाबलास की बांगडी रुतली.

"शिट्टी कशाक मारली ठावक आसा?" तू माझ्या कानात म्हणालीस. "पदराक! नसलेल्या पदराक!"

इंटरव्हलनंतरचा सिनेमा मी बघितला आणि माझं डोकं फिरलं. ती, जिने एवढी होडी उडवली, तिला पुढच्या पंधरा मिनिटांत व्हिलन पकडतो, जहाजाच्या खांबाला बांधतो आणि शेवटपर्यंत ती तिथेच. हिरो येऊन सोडवेपर्यंत तिला एकही काम नाही. स्वतःची गाठ सोडवायचा प्रयत्नसुद्धा करत नाही. हिरोची आई आहे, ती सुरुवातीला रडते, मध्ये रडते, शेवटी आनंदाने रडते. व्हिलनची बहीण आहे, ती पिस्तूल घेऊन जिन्यावरून उतरते, दोन वाक्यं बोलते आणि मरते. एक नाचणारी आहे, तिला नावच नाही. बाहेर पडून एसटी स्टँडवर उभी राहिले तेव्हा मी बोटांवर हिशेब मांडत होते, आणि तू लिंबूसोडा मागवत होतीस.

मी म्हटलं, "कुंदे, तुझ्या पाठीवर त्येंनी सिनेमा चलवलो आणि तुका नंतर खांबाक बांधल्यानी."

"माका खंय बांधल्यानी? तिका बांधल्यानी," तू म्हणालीस. "आणि वैजू, तू सिनेमा बघूक येतंस काय पेपर तपासूक?"

इथून जे सुरू झालं ते संपलंच नाही. तू तो सिनेमा कितीदा बघितलास देव जाणे. पाहुण्यांना कणकवलीला सोडायला गेलीस की बघ, बाजाराला गेलीस की बघ. आणि दर वेळी इंटरव्हलला उठून यायचीस. दिवे लागले की पिशवी उचलायची आणि एसटी पकडायची. मला हे कळलं तेव्हा मी तुला फोनवर झाडलं. अर्धा सिनेमा बघून तो चांगला कसा म्हणायचा? ज्याने तुला अर्ध्या वाटेत टाकलं त्याचा अर्धाच भाग बघून त्याला शंभर गुण द्यायचे, हा कुठला न्याय? तू शांतपणे म्हणालीस, "दुसरो अर्धो तेंचो. पयलो माझो. संसार अख्खो बघतंय मां मी? मगे सिनेमा अर्धो बघूंदे."

मी फोन ठेवला. अर्ध्या तासाने उत्तर सुचलं तेव्हा परत केला. तू उचलला नाहीस, पाहुण्यांची ताटं वाढत होतीस.

गंमत म्हणजे तू नुसती हट्टी नव्हतीस. तुझ्याकडेही मुद्दे असायचे, आणि मला चिडवायला तू ते राखून ठेवायचीस. मी त्या रडणाऱ्या आईवर बोलले की तू म्हणायचीस, "आवशी रडतत गो. तुझी आवस रडाक नाय? माझी रडाक नाय?" मी म्हटलं, रडायच्या, पण आपल्या आया रडता रडता भात उकडत होत्या, गाय पिळत होत्या, शेजारणीशी भांडत होत्या आणि त्यातच हसतही होत्या. सिनेमातली नुसती रडते. तिला दुसरं कामच लिहिलेलं नाही. तू मग म्हणालीस, "ह्या मात्र बरोबर बोललंस." माझ्या आयुष्यात तू मला बरोबर म्हटल्याचे प्रसंग फार नाहीत, म्हणून हा मी जपून ठेवलाय. पण आठ दिवसांनी लगेच तुझा फोन आला, की व्हिलनच्या बहिणीला दोन वाक्यं असली तरी ती जिना उतरते तेव्हा सगळे पुरुष मागे सरतात, ते मी बघितलंच नाही, कारण मी वाक्यं मोजत होते. मला कबूल करावं लागलं. खरंच सरतात.

आपण दोघी एकाच गोष्टीकडे दोन टोकांनी बघत होतो. मी बघायचे, ह्या बाईला काय दिलं नाही. तू बघायचीस, मिळालं त्यात तिने काय केलं. मला तुझं बघणं लबाडीचं वाटायचं, तुला माझं रडकं. आणि तरी आपल्या दोघींशिवाय ह्या विषयावर इतकं कोणी बोलायला तयार नव्हतं. माझ्या शाळेतल्या बाई म्हणायच्या, अहो, करमणूक आहे, सोडून द्या. रमाकांत भावजींनी तो सिनेमा बघितलाच नाही. आपल्या बायकोची पाठ परके लोक तिकीट काढून बघतात, ह्याचा त्यांना राग होता की अभिमान, ते त्यांनाच कळत नसावं. आणि आये तर त्या दिवसापासून खाडीकडे तोंड करून बसायचीच नाही.

खरं भांडण झालं ते नावावरून. त्या नटीची एक मुलाखत आली. तिने सांगितलं की होडी चालवायला ती स्वतः शिकली आणि सगळं स्वतःच केलं. देवबागात लोक चिडले. मी तर पेटलेच. सिनेमाच्या शेवटी केशभूषावाल्याचं नाव येतं, चहा देणाऱ्याचं येतं, तुझं कुठेच नाही. मी म्हटलं, मी लिहिते त्यांना, चांगलं खरमरीत लिहिते. तू म्हणालीस, नको. मी म्हटलं, का नको? घाबरतेस? तेव्हा तू पहिल्यांदा आवाज चढवलास.

"नाव घातला की लोक इचारतले, कोणाची बायको, कोणाची सून, खंयच्या घरातली. पाठीक कोण काय इचारीत नाय. थंय मी नुसती होडी चलवतंय. तेवढा तरी माका रवांदे!"

मी लिहिलं नाही. बाहेर कुणाकडे तुझं नाव काढणार नाही, असा शब्दही तुला दिला. पण मला ते पटलंही नाही, कुंदे. आजही पटत नाही. नाव नको म्हणणं आणि नाव मिळणारच नाही हे आधीच ओळखून नको म्हणणं, ह्यांत फरक आहे. तू कुठल्या जातीचं नको म्हणत होतीस, हे मला तुला विचारायचं होतं. विचारलं असतं तर तू हसून टाळलं असतंस, म्हणून चांगली वेळ बघत बसले.

मग ह्या पावसात तुझा तो फोन आला. खोल्या बंद, पाहुणे नाहीत, होडी किनाऱ्यावर ताडपत्रीखाली. तू खूश होतीस. "बाये, एक नवीन मुद्दो गावलो हा. फोनार सांगाचो नाय. ये तू, मगे सांगतंय." मी म्हटलं, माझ्या परीक्षा आहेत, संपल्या की येते. तू म्हणालीस, "ये ये, सावकाश ये. मुद्दो खंय पळान जाता?"

पुढचं मी लिहिणार नाही. ताप आला, आणि तो साधा नव्हता. मी पोचले तेव्हा तुला अंगणात ठेवलं होतं. इंटरव्हलला उठून जायच्या तुझ्या खोडीवरून इथे एखादं गोड वाक्य सुचतंय, पण ते लिहिलं तर तूच म्हणशील, मास्तरीणबाई, पुरे. तू काही उठून गेलेली नाहीस. तुला नेलं. मला ह्यात गोड काही दिसत नाही.

त्यात हा मोबाइल. तो सिनेमा आता पुन्हा कशाने तरी गाजतोय, आणि तो होडीचा तुकडा जो तो पाठवतोय. वर गाणं लावतात, खाली नटीचं नाव लिहितात. परवा वर्गातल्या मुलींनी मला दाखवला, बाई, बघा कसली भारी आहे. एक मुलगी हात खांद्याशी नेऊन तशीच पोझ देत होती. मी त्यांना सांगणार होते, ती माझी बहीण आहे. तोंडापर्यंत आलं होतं. तुला दिलेला शब्द आठवला आणि गप्प बसले. मग पूर्ण तास मला धड शिकवता आलं नाही. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळायचा की त्याच्यावर झालेला अन्याय बोलायचा? सांग ना. तुझ्या त्या मुद्द्यात ह्याचं उत्तर होतं का?

मी सगळ्यांना विचारलं. तुझ्या लेकीला, तन्वीला विचारलं, ती कुडाळला कॉलेजात, तिला तू काही बोलली नव्हतीस. भावजींना विचारलं. "माका काय सांगी ती?" एवढंच म्हणाले आणि जाळ्याचा दोरा ओढत बसले. मला वाटलं, संपलं. आता मी मरेपर्यंत दोन्ही बाजूंनी एकटीच भांडत बसणार.

गेल्या रविवारी होडी पाण्यात घालायची होती. तिला जाऊन वर्ष झालं नाही, नारळ कशाला, असं म्हणणारे होते, पण मोसम सुरू झाला आणि होडी किनाऱ्यावर ठेवून घर चालत नाही. तन्वीने मला बोलावलं. सकाळी पोचले तर पुरुष मंडळी होडीपाशी, आणि आये चुलीपाशी एकटी, तव्यावर खापरोळ्या घालत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिला विचारायचं माझ्या मनातही नव्हतं. आये आणि सिनेमा! तीच म्हणाली, "तुका ती सांगणार होती. सांगल्यान?"

मी म्हटलं, "काय गो आये?"

मग आयेने सांगितलं. पावसात एकदा खूप वारा सुटला होता, कामं नव्हती, आणि आयेनेच तुला म्हटलं, तो तुझा सिनेमा काय तो दाखव बघू. तुम्ही दोघी खाटेवर बसून तन्वीच्या जुन्या मोबाइलवर बघत होतात. इंटरव्हलपर्यंत नाही, अख्खा. खाडी आली तेव्हा आयेने डोळे मिटून घेतले, मग उघडले, मग म्हणाली, परत लाव. परत लावलंस. नंतर नायिकेला खांबाला बांधलं तेव्हा आये चिडली, "अगो, दोर सोडव मां! इतकी होडी हाकलंस!" आणि शेवटी नावं येऊ लागली.

"माका वाचूक येना नाय," आये म्हणाली. "मी तिका म्हटलंय, तुझा खंय आसा ता दाखय. ती म्हणाली, आये, रव, येतला. सगळी नावां जाईसर बघीत रवली. मगे काळा झाला."

"मगे?"

"मगे काय? मी म्हटलंय, तुझा खंय गेला? तिणां मगे माका पोटाशी धरल्यान आणि म्हणाली, ह्या वैजूक सांगूक होया."

खापरोळी करपली. आयेने ती बाजूला टाकली आणि दुसरी घातली. मी तिथेच बसून रडले. आयेने डोळे पुसायला पदर पुढे केला.

म्हणजे हाच तो मुद्दा. पण कुंदे, तो कोणाच्या बाजूचा होता गं? ज्या सिनेमाने तुला अर्ध्यात सोडलं, त्यानेच आयेला तुझं नाव शोधायला लावलं, असं म्हणून तू मला चीत करणार होतीस? की शेवटपर्यंत बसून, नाव येईल म्हणून बघून, तुलाही मी म्हणत होते ते पटलं होतं? "रव, येतला" असं तू आयेला म्हणालीस. तुला ठाऊक होतं, येणार नाही. मग का म्हणालीस? आयेसाठी? की तुलाच क्षणभर वाटलं होतं? मी हे चुलीपाशी बसून स्वतःला विचारत होते, तेवढ्यात तन्वी आली, चला, गाऱ्हाणं घालतात.

होडी पाण्याच्या कडेला आणून ठेवली होती. भावजी हातात नारळ घेऊन खाडीकडे तोंड करून उभे, पुरुष त्यांच्या दोन्ही बाजूंना, आम्ही बायका मागे. घरचा कर्ता देवासमोर बोलतो आणि बाकीचे होकार भरतात, हे तुला मी काय सांगू. भावजींनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, खाडीच्या राखणदारा म्हाराजा, आज ही होडी पाण्यात घालतंव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"काय चुकला माकला आसात तर पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"औंदा आमच्या घरावर घाव पडलो रे म्हाराजा. आमच्या घरातली लक्षुमी गेली रे म्हाराजा."

"व्हय म्हा—"

लक्षुमी. माझ्या मस्तकात तिडीक गेली. इथेही तेच. पडद्यावर पाठ, आणि इथे लक्षुमी. तू तीस वर्षं त्यांचं घर धरलंस, त्यांचा पाय मोडला तेव्हा ह्याच होडीवर चार पैसे आणलेस, आणि देवाला सांगताना तुला नाव नाही? पण गाऱ्हाणं चालू असताना मध्ये बोलत नाहीत. पुरुषही बोलत नाहीत, मग बायका कुठल्या? मी ओठ आवळून उभी राहिले. मला वाटलं, तू बघत असशील तर म्हणत असशील, गप रव, मास्तरीणबाई, हा तुझा वर्ग नव्हे.

आणि माझ्या शेजारून आये बोलली.

"रमाकांता, नाव घी तिचा."

सगळे मागे वळले. भावजींनी मान वळवली, पण नारळ तसाच धरलेला.

"लक्षुमी लक्षुमी काय करतंस? नाव नाय तिका? त्या सिनेमावाल्यांनी घेवक नाय. तू तरी घी!"

भावजींनी तुला कधी नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. "अगो" म्हणायचे, "तन्वीच्या आवशी" म्हणायचे. मला वाटलं, आता ते चिडतील किंवा नारळ खाली ठेवून निघून जातील. ते पुन्हा खाडीकडे वळले.  त्यांची पाठ हलत होती. 

"कुंदा," भावजी म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "आमची कुंदा, म्हाराजा. ही होडी तिणां चलवल्यान. त्या तोंडावरसून तिणां नेल्यान, म्हाराजा. तिचा नाव कुंदा."

तुला हे हवं होतं की नको होतं, मला अजून सांगता येत नाही, आणि सिनेमाबद्दलचं माझं मत मी बदललेलं नाही. पण तिथे त्या वेळी मला भांडायचं नव्हतं. बायका एरवी मागे राहून हळू होकार भरतात. त्या दिवशी पुरुषांनी तोंड उघडायच्या आधी आयेने आणि मी एकदमच म्हटलं, घसा फाटेस्तोवर.

"व्हय म्हाराजा!"

मग बाकीच्यांनी म्हटलं, आणि भावजींनी नारळ फोडला.